हृदय सांधले, मनाचे काय?

नागपूरच्या दक्षिण वेशीवरील बेसा हे पूर्वी शेतीवाडीचे गाव. आज तेथे ले-आउट पडले आहेत, सदनिका उभ्या राहिल्या आहेत आणि बेसा-पिपळा नगरपंचायतीच्या रूपाने नवे नागरी जीवन आकारास येत आहे. अशा वसाहतीत शेजाऱ्याची शेजाऱ्याला पुरती ओळख नसते. एखाद्या घरातील मुलाच्या ‘हृदयाला भोक’ असल्याची गोष्ट मग चार भिंतींतच राहते, आणि तिची भीतीही तेथेच वाढते.

जन्मजात हृदयविकार हा दुर्मीळ नव्हे. दर हजार जन्मांमागे सुमारे आठ ते नऊ बालकांत तो आढळतो. १९४४ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथे ‘निळ्या बाळा’वर पहिली यशस्वी शस्त्रक्रिया झाली आणि तेव्हापासून या मुलांचे आयुर्मान सतत वाढत गेले. आपल्याकडे २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून अंगणवाड्या व शाळांतील मुलांची तपासणी होते. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे अनेक कुटुंबांच्या डोक्यावरील शस्त्रक्रियेचा भार हलका झाला आहे. ही प्रगती निःसंशय स्वागतार्ह आहे. परंतु शासनाचा हिशेब टाक्यांपाशी संपतो. रुग्णाचा तेथून पुढे सुरू होतो.

छातीवरील व्रण मूल आरशात रोज पाहते. कवायतीच्या तासाला ते झाडाखाली बसते, सहलीच्या यादीतून त्याचे नाव वगळले जाते. ‘धावू नकोस, दमशील’ हे आईचे शब्द मायेचेच. पण दहा वर्षे तेच कानी पडल्यावर ‘आपण इतरांसारखे नाही’ ही समजूत मनात घर करते. पाश्चात्त्य देशांतील पाहण्यांनुसार अशा प्रौढ रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांशांना चिंता किंवा खिन्नता ग्रासते. विशेष म्हणजे विकार जितका गंभीर तितका मनस्ताप अधिक, असे सरळ प्रमाण आढळत नाही. रुग्ण आणि त्याचे आईवडील त्या विकाराकडे कोणत्या दृष्टीने पाहतात, यावर पुष्कळ अवलंबून असते.

लपवाछपवीचे ओझे तर वेगळेच. मुंबईच्या चित्रसृष्टीतील मधुबाला यांना जन्मतः हृदयाच्या पडद्यास छिद्र होते. काम मिळेनासे होईल म्हणून हे दुखणे दीर्घकाळ जगापासून दडवून ठेवण्यात आले. २३ फेब्रुवारी १९६९ रोजी, वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. तेव्हा उपचार तोकडे होते. आज उपचार आहेत. दडवण्याची रीत मात्र गेलेली नाही. मुलीचे लग्न जमवताना व्रणाचा विषय टाळला जातो, नोकरीच्या वैद्यकीय तपासणीपूर्वी तरुणाची झोप उडते.

निव्वळ अर्थशास्त्राच्या दृष्टीनेही हा व्यवहार तोट्याचाच आहे. समाजाने खर्च करून ज्याचे हृदय दुरुस्त केले, तो तरुण केवळ भीतीपोटी शिक्षण वा रोजगार सोडून घरी बसला, तर त्या खर्चाचे अर्धे फळ वाया गेले म्हणावयाचे.

मानसोपचारतज्ज्ञ पुरेसे नाहीत, हा आक्षेप खरा आहे. परंतु पुष्कळशा गोष्टींना तज्ज्ञाची गरजच नाही. काय करावे आणि काय करू नये, हे हृदयरोगतज्ज्ञाने शाळेसाठी स्पष्ट लिहून द्यावे. शिक्षकाने त्या मर्यादेत मुलाला खेळू द्यावे. निदान गुणफलक सांभाळायला देऊन त्याला मैदानावर ठेवावे. फेरतपासणीच्या वेळी मुलाच्या झोपेची, मित्रांची, मनातील भीतीचीही विचारपूस व्हावी. आणि मूल जाणते झाले की आईवडिलांशी नव्हे, त्याच्याशीच बोलावे. अधिक साहाय्य लागल्यास २०२२ साली सुरू झालेली ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे.

मुलाला जपावे, यात वाद नाही. मात्र ते जपणे त्याला जगू देण्यासाठी असावे. जगण्यापासून दूर ठेवण्यासाठी नव्हे.