पोलादावर कोरलेला दाखला

बंदुकीवर उमटवलेले कारखान्याचे नाव आणि क्रमांक ही खरेदीदाराला क्षुल्लक बाब वाटत असली, तरी शासनाच्या लेखी त्या शस्त्राची सारी ओळख त्या चार-सहा आकड्यांतच सामावलेली असते. कारण परवान्यावर जो क्रमांक नोंदलेला आहे तोच हातातल्या बंदुकीवर आहे की नाही, या एका रुजवातीवर पुष्कळदा निर्दोष मालक आणि आरोपी यांतला भेद ठरतो. १९५९चा शस्त्र अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ रोजी अंमलात आला, आणि त्याच्या आठव्या कलमाने या आकड्यांना कायद्याचे संरक्षण दिले. शस्त्रावर ठोकलेले वा अन्य प्रकारे दर्शवलेले नाव, क्रमांक किंवा ओळखचिन्ह कोणीही पुसू नये, काढू नये, बदलू नये, बनावट करू नये, असा तेथे निरपवाद निषेध आहे. तो मालकाला लागू आहे, व्यापाऱ्याला लागू आहे, आणि त्याचा सर्वांत निकटचा संबंध ज्याच्याशी येतो तो म्हणजे बंदूकदुरुस्तीचा कारागीर.

गंजलेली जुनी दुनळी बंदूक त्याच्या बाकावर येते तेव्हा तो दस्ता उतरवतो, नळ्या आणि खटक्याची यंत्रणा सुटी करतो, आणि पोलादाला पुन्हा निळसर-काळी झाक देण्यापूर्वी ते घासून गुळगुळीत करू लागतो. धोका येथेच असतो. गंजाचे खड्डे काढण्याच्या भरात पॉलिशचे चाक एकसारखे फिरत राहिले, तर जुन्या ठशाच्या कडा बोथट होतात आणि इंग्रजी आकड्यांतला आठ तीनसारखा भासू लागतो. म्हणून जाणता कारागीर क्रमांकाच्या आसपास चाक नेतच नाही. तेवढी जागा तो बारीक पॉलिश पेपरने हातानेच साफ करतो, आणि आकड्याशेजारी एखादा खड्डा राहिलाच तर तो राहू देतो. दस्ता बदलणे, स्प्रिंग घालणे, नेम साधण्याची माशी नीट बसवणे, ही कामे क्रमांकाला स्पर्श न करता होतात. तथापि दुरुस्तीच्या व्यवसायालाच पाचव्या कलमाप्रमाणे परवाना लागतो. नळी आखूड करणे सहाव्या कलमाखाली येते. आणि २०१९च्या दुरुस्तीने शस्त्राचा एका वर्गातून दुसऱ्या वर्गात पालट करणे हेही त्याच कलमाच्या कक्षेत आणले.

अमेरिकेत याच प्रश्नाचा विचार अधिक तांत्रिक तपशिलाने झालेला दिसतो. १९६८च्या बंदूक नियंत्रण कायद्यापूर्वी तेथे कित्येक स्वस्त रायफली आणि शॉटगन क्रमांकाविनाच विकल्या जात. त्यानंतर उत्पादकावर क्रमांकाचे बंधन आले. यंत्रणा ज्यात बसते तो रिसीव्हर हीच तेथे कायद्याच्या दृष्टीने बंदूक होय, म्हणून नळी बदलली, दस्ता बदलला, तरी रिसीव्हरवरचा क्रमांक कायम असेतोवर शस्त्राची ओळख अखंड राहते. कोरीव क्रमांकाची खोली किमान ०.००३ इंच आणि आकड्यांची उंची किमान १/१६ इंच असावी, इतक्या सूक्ष्मतेपर्यंत नियम गेले आहेत. दुरुस्तीस आलेली बंदूक त्याच दिवशी मालकास परत गेली तर नोंदीची सक्ती नाही; ती दुकानात रात्रभर राहिली तर मात्र तिची आवक-जावक नोंदवहीत चढलीच पाहिजे.

आपला कायदा एका बाबतीत विशेष कठोर आहे. क्रमांक नसलेले वा खोडलेले शस्त्र ज्याच्या ताब्यात सापडेल त्यानेच तो खोडला, असे न्यायालय गृहीत धरते, आणि तसे नसल्याचा पुरावा देण्याची जबाबदारी त्याच्यावर पडते. आठव्या कलमाचा भंग झाल्यास किमान दोन वर्षांचा कारावास आहे. प्रथमदर्शनी हे अन्यायाचे वाटेल. परंतु क्रमांक गेल्यावर मूळ विक्रेत्यापासून शेवटच्या धारकापर्यंतची साखळीच तुटते, आणि तपास अधिकाऱ्याच्या हाती मुद्देमाल उरतो, त्याचा इतिहास उरत नाही, हे ध्यानी घेतले म्हणजे या कठोरतेचे कारण पटते.

शिवाय खोडलेला क्रमांक पुष्कळदा पूर्णपणे नाहीसा होत नाही. पोलादी ठसा हातोड्याच्या घावाने उमटतो तेव्हा आकड्याखालच्या धातूची रचनाही दाबली जाऊन विकृत होते, आणि वरचा थर घासून टाकला तरी ती विकृती काही खोलीपर्यंत टिकून राहते. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत तेथे ताम्रक्षार आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांचे द्रावण बोळ्याने हळूहळू फिरवतात. दाबलेला धातू आणि भोवतालचा धातू यांवर त्याची क्रिया भिन्न होते, आणि पुसलेले आकडे क्षणभर का होईना वाचता येतात.

तरीही कायद्याची खरी भिस्त प्रयोगशाळेपेक्षा दुकानातल्या व्यवहारावरच असली पाहिजे. बंदूक स्वीकारताना आणि परत देताना मालक व कारागीर यांनी मिळून परवान्याशी क्रमांक पडताळावा, पावतीवर तो स्वच्छ अक्षरांत लिहावा, आणि ठसा आधीच अस्पष्ट झाला असेल तर काम हाती घेण्यापूर्वीच परवाना अधिकाऱ्याला लेखी कळवावे. एवढी दक्षता पाळली म्हणजे प्रामाणिक कारागिराला कायद्याच्या गृहीतकाचे भय बाळगण्याचे कारण उरणार नाही, आणि समाजालाही त्याच्या हातून गेलेल्या प्रत्येक शस्त्राचा जबाब मागता येईल.