चढाईपटूची बारावी कोण विचारणार?

शालेय क्रीडा स्पर्धांचा हंगाम आला की पावस परिसरात एक वेगळीच निवड समिती बसते. तिला कुणी नेमलेले नसते आणि तिला भत्ताही मिळत नाही. एस. टी. थांब्यावर, चहाच्या टपरीवर, मैदानाच्या कडेला उकिडवे बसून ती आपले निकाल देत असते. अमुक वाडीतला दहावीचा पोरगा बोनस घेण्यात पटाईत आहे, तमुक शाळेतला डावा कोपरा एकदा घोट्याला भिडला की सोडत नाही. तालुक्याला कोण चमकेल, जिल्ह्यातून कोण निघेल, कोल्हापूर विभागात कोल्हापूर-सांगलीच्या तगड्या पोरांपुढे कोण टिकेल? आणि मग शेवटचा प्रश्न : याला पुढे कोण उचलणार? रत्नागिरीचे गोगटे-जोगळेकर महाविद्यालय, मुंबईचे एखादे कॉलेज, की पुण्याचा क्लब?

या चर्चेची आम्ही थट्टा करीत नाही. कुणबी, भंडारी, खारवी, बौद्ध अशा सर्व वाड्यांतली माणसे एका रेषेवर बसून एखाद्या गरिबाच्या पोराचे कौतुक करतात, ही गोष्ट लहान नाही. शिवाय या चर्चेला आता आधारही आहे. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली. २०१९ च्या लिलावात कोल्हापूर जिल्ह्यातल्या सिद्धार्थ देसाईवर १ कोटी ४५ लाखांची बोली लागली. २०२२ मध्ये खो-खोची लीग आली आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताचे पुरुष व महिला असे दोन्ही संघ विजयी झाले. मातीतल्या खेळाला पैसा आणि मान मिळू लागला, याचा आनंद कुणाला होणार नाही?

पण हिशेब मांडला पाहिजे. कबड्डी लीगमध्ये संघ १२, आणि एका संघात जास्तीत जास्त २५ खेळाडू. म्हणजे सगळ्या देशासाठी जागा ३०० सुद्धा धड नाहीत. त्यातही परदेशी खेळाडू आले. दरवर्षी मैदानात उतरणाऱ्या लाखो पोरांपैकी बाकीच्यांचे काय? पावसचा पोरगा बारावी नापास झाला आणि गुडघा दुखावला, तर त्याची वाट आंब्याच्या बागेत नाही तर होडीवर खलाशी म्हणून जाते. ज्यांनी त्याच्या चढाईवर पैजा लावल्या, ते तोपर्यंत पुढच्या वर्षीच्या पोराविषयी बोलू लागलेले असतात.

म्हणूनच आमचे म्हणणे आहे की, या मैदानावरच्या निवड समितीने आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे : पोरा, तुझी बारावी कुठवर आली?

हा प्रश्न उपदेशाचा नाही, पोटाचा आहे. रेल्वेची खेळाडू भरती पाहा. तिथे दहावी उत्तीर्ण खेळाडू पहिल्या वेतनस्तरावर लागतो. बारावी झालेला दुसऱ्या-तिसऱ्या स्तरावर, आणि पदवीधर चौथ्या-पाचव्या स्तरावर. सातव्या वेतन आयोगाने ठरविलेले पहिल्या स्तराचे मूळ वेतन १८ हजार रुपये, तर पाचव्या स्तराचे २९ हजार २०० रुपये. वरच्या जागेला खेळातली कामगिरीही वरची लागते हे खरे. पण कामगिरी असूनही पदवी नसेल तर त्या जागेचा अर्जच भरता येत नाही. चढाई तीच, घाम तोच; पगारात मात्र एका कागदाचा फरक, आणि तो निवृत्तीपर्यंत पाठ सोडत नाही.

महाराष्ट्र शासनाने ३० एप्रिल २००५ च्या निर्णयाने प्रावीण्यप्राप्त खेळाडूंसाठी नोकऱ्यांत ५ टक्के समांतर आरक्षण ठेवले. त्यात वयाची सवलत आहे, पण पदासाठी लागणाऱ्या शिक्षणाची अट सुटत नाही. ‘समांतर’ हा शब्दही आपल्या लोकांनी नीट समजून घ्यावा. हे आरक्षण प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या आत मोजले जाते. खुल्या प्रवर्गातली समांतर जागा ही कुणाची मिरास नाही, गुणवत्तेवर ती कुणालाही मिळू शकते, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये सौरव यादव प्रकरणात स्पष्ट केले. ते प्रकरण महिलांच्या जागांचे होते. तत्त्व मात्र खेळाडूंच्याही कामाचे आहे.

आणि प्रमाणपत्र? जयंतीनिमित्त आपण रात्रीचे सामने भरवितो, ढाल देतो, रोख बक्षीस देतो. उत्साह चांगलाच आहे. परंतु त्या ढालीवर सरकारी नोकरी मिळत नाही. तिथे लागते ते अधिकृत शालेय स्पर्धेचे किंवा मान्यताप्राप्त संघटनेच्या स्पर्धेचे, ठरलेल्या स्तराचे प्रमाणपत्र, आणि त्याची क्रीडा खात्याकडून झालेली पडताळणी. शाळेने प्रवेशिका वेळेत भरली नाही, तर पोराचे वर्ष गेले. हे त्याच्या खलाशी बापाला कोण सांगणार?

मैदानात घ्यायचे, पण पुढे येऊ द्यायचे नाही, हा अनुभव आपल्याला नवा नाही. पाळवणकर बाळू चर्मकार कुटुंबातले. पुण्याच्या मैदानावर खेळपट्टीची देखभाल करीत ते गोलंदाजी शिकले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. पण मायदेशी सोबतचे सवर्ण खेळाडू त्यांच्याबरोबर चहा घेत नसत. त्यांना मातीच्या भांड्यात, बाहेर चहा मिळे. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच दिले गेले नाही. ते त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळायला १९२३ साल उजाडावे लागले. संघाला बाळूंचा हात हवा होता. त्या हातामागचा माणूस नको होता.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी हेच दुसऱ्या तऱ्हेने भोगले. तिथे हायस्कूलमधल्या बास्केटबॉलपटूंच्या क्रमवाऱ्या लागतात आणि सतरा वर्षांचा मुलगा कोणत्या विद्यापीठात जाणार, यावर शहरेच्या शहरे वाद घालतात. विद्यापीठ त्याची फी भरते, राहण्या-जेवणाचा खर्च उचलते. पण खेळून घेतलेल्या किती मुलांच्या हाती पदवी पडली, हा प्रश्न तिथेही विचारावा लागला. तो कृतीने विचारला जॉर्जटाऊन विद्यापीठाचे प्रशिक्षक जॉन थॉम्पसन यांनी. १९८४ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक. ते हवा गेलेला एक चेंडू जवळ ठेवीत. एक दिवस हवा जाते, मग तुझ्यापाशी काय उरेल, हे मुलांना समजावे म्हणून. त्यांच्याकडे चार वर्षे पूर्ण केलेल्या ७८ खेळाडूंपैकी ७६ जण पदवीधर झाले. आणि जानेवारी १९८९ मध्ये, परीक्षेतल्या गुणांच्या नावाखाली गरीब मुलांची शिष्यवृत्तीच बंद करणारा नियम आला, तेव्हा हेच थॉम्पसन निषेध म्हणून सामना सुरू होण्यापूर्वीच मैदानाबाहेर चालते झाले. मुलाने शिकावे हा त्यांचा आग्रह होता. पण शिकण्याचे दारच कुणी बंद करू लागला, तर ते त्याच्याशी भांडले.

आपल्याकडे अशी माणसे तयार करायला परवानगी लागत नाही. पावससारख्या गावात एका मंडळाने दोन सुशिक्षित तरुणांवर काम सोपवावे. शाळेत जाऊन प्रवेशिका भरल्या की नाही ते पाहावे. प्रत्येक खेळाडूची प्रमाणपत्रांची फाईल करावी. सामन्यांमुळे बुडालेले धडे कुणीतरी शिकवून घ्यावेत. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून आलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेत वसतिगृहाबाहेर राहणाऱ्याला मुंबई-पुण्यात वर्षाला ६० हजार रुपयांपर्यंत मदत ठेवली गेली. मात्र तिला गुणांची अट आहे. सरावापायी गुण घसरले, तर शहरात राहण्याचा आधारच तुटतो. जयंतीच्या सामन्यांतल्या रोख बक्षिसाचा काही भाग विजेत्यांच्या परीक्षा फीसाठी राखून ठेवला, तर ढालीची शोभा कमी होणार नाही.

आणि मुलींचे काय? रत्नागिरीच्या ऐश्वर्या सावंत, अपेक्षा सुतार, आरती कांबळे यांनी खो-खोमध्ये महाराष्ट्राच्या संघापर्यंत मजल मारली. तरीही आमच्या टपरीवरच्या चर्चेत मुलीचे नाव निघाले की दहावीनंतर तिच्या लग्नाचाच विषय निघतो. तिलाही कुठले कॉलेज घेणार, हे त्याच हिरिरीने कधी बोलणार?

पावसच्या कट्ट्यावरची जाणकार माणसे पोराच्या पायाचा वेग अचूक ओळखतात. तीच नजर त्याच्या दप्तराकडेही वळली पाहिजे. बाबासाहेबांनी आपल्याला आधी शिका असे सांगितले, ते खेळाडूला वगळून नव्हे. या हंगामात आपल्या वाडीतला एक खेळाडू आणि एक मुलगी हेरा, त्यांच्या टाळ्या वाजवा, आणि मैदानातून बाहेर आल्यावर त्यांना विचारा : परीक्षेचा फॉर्म भरलास का?