खाऱ्या टाकीतला यूव्ही: काय करतो, काय नाही

गोंदिया हा तलावांचा जिल्हा. नवेगावबांधचं गोडं पाणी हाताशी, समुद्र मात्र शेकडो किलोमीटर दूर. तरी आरओच्या पाण्यात सागरी मीठ मिसळून, विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास ठेवलं की इथेही क्लाउनफिश छान जगतो.

यूव्ही स्टेरिलायझर लावावा का? माशांच्या टाकीला जरूर लावा, पण तो औषध नाही. त्यातल्या दिव्याचे २५४ नॅनोमीटरचे अतिनील किरण जवळून वाहणाऱ्या जंतूंचा डीएनए बिघडवतात. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आणणारा क्रिप्टोकॅरिऑन हा परजीवी पाण्यात पोहताना त्यात सापडला तरच मरतो. माशाच्या कातडीत शिरलेला किंवा वाळूत कोशात बसलेला तसाच राहतो. उपयोगी जीवाणू दगड-वाळूला चिकटून असतात, त्यांना धक्का लागत नाही.

खरी मेख प्रवाहात आहे. पंप जोरात असेल तर किरणांचा डोस पुरेसा मिळतच नाही. हिरवं पाणी जास्त वेगातही निवळतं. परजीवीसाठी संथ धार लागते. पाणी आधी गाळून घ्या, क्वार्ट्झची नळी पुसत राहा आणि साधारण वर्षभराने दिवा बदला. निळा उजेड दिसतो म्हणजे किरण तेवढेच निघतात असं नाही. आणि त्या उजेडाकडे थेट बघू नका, डोळ्यांना इजा होते!

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ कडे धावतो, त्यात दिवाही पाणी थोडं तापवतो. टाकी २७ अंशांच्या वर सरकत असेल तर आधी पंखा किंवा चिलर घ्या, मग यूव्ही.