काचपेटीतील हिरवाई : मत्स्यालयातील जिवंत वनस्पतींची निवड आणि निगा

घरगुती मत्स्यालयासाठी वनस्पती घेताना बहुधा पानांचा रंग आणि आकार पाहिला जातो, आणि महिन्याभरात पाने विरघळून देठ काळे पडले की दोष दिव्याला, खताला किंवा विक्रेत्याला दिला जातो. वास्तविक रोप मूळचे कोणत्या पाण्यातले आहे आणि घरच्या नळाचे पाणी त्याला मानवेल का, हा प्रश्न खरेदीच्या आधी विचारायला हवा. कारण अशा मत्स्यालयाचे यशापयश पुष्कळ अंशी त्याच्याच उत्तरावर ठरते.

पाण्यात बुडालेल्या हिरव्या पानांवर उन्हात बुडबुडे येतात आणि अंधारात ते थांबतात, हे डच वैद्य यान इंगेनहाउझ याने १७७९ मध्ये दाखवून दिले. हे बुडबुडे ऑक्सिजनचे असतात. प्रकाशसंश्लेषणात, म्हणजे प्रकाशाच्या साहाय्याने पाणी आणि कार्बन डायऑक्साइड यांपासून अन्न तयार करण्याच्या क्रियेत, तो बाहेर पडतो. पुढे लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याने १८५० मध्ये तेथील केमिकल सोसायटीपुढे आपला प्रयोग मांडला. सुमारे १२ गॅलनच्या काचपात्रात त्याने दोन लहान गोल्डफिश सोडले होते आणि लांब, चपट्या पानांची व्हॅलिस्नेरिया लावली होती. आरंभी सारे सुरळीत चालले. परंतु जुनी पाने कुजू लागली, पाणी गढुळले आणि काचेवर हिरवट थर चढला. तेव्हा त्याने पात्रात तळ्यातल्या गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पाने व शेवाळ फस्त केले, त्यांची अंडी माशांचे खाद्य झाली आणि पाणी पुन्हा निवळले. या प्रयोगाची आठवण प्रामुख्याने वनस्पतींनी पुरवलेल्या ऑक्सिजनसाठी काढली जाते. पण मत्स्यालय सांभाळणाऱ्याने त्यातून घ्यायचा धडा कुजणाऱ्या पानाचा आहे. पिवळे पडलेले पान वेळीच खुडणे ही शोभेची छाटणी नसून पाण्याच्या आरोग्याची पहिली अट आहे.

वनस्पतींची खरी अडचण कार्बनची असते. हवेच्या तुलनेत पाण्यात कार्बन डायऑक्साइड सुमारे १०,००० पट मंद गतीने पसरतो, त्यामुळे पानालगतचा साठा संपला की भर प्रकाशातही वाढ खुंटते. या टंचाईवर सगळ्या जातींनी सारखा तोडगा काढलेला नाही. व्हॅलिस्नेरिया आणि आपल्याकडच्या तळ्यांत सर्रास आढळणारी हायड्रिला पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटमधूनही कार्बन मिळवू शकतात, म्हणून बोअरवेलच्या कठीण, क्षारयुक्त पाण्यातही त्या तग धरतात. उलट कॅबोम्बासारखी नाजूक पानांची वनस्पती मुख्यतः मुक्त कार्बन डायऑक्साइडवर अवलंबून असल्याने तिला मृदू, किंचित आम्लधर्मी पाणी मानवते. पाणी कठीण असताना कॅबोम्बाच्या जुड्या पुन्हापुन्हा विकत आणण्यापेक्षा व्हॅलिस्नेरियाचा दाट पडदा वाढू देणे केव्हाही शहाणपणाचे. सिलिंडरमधून वायू सोडून ही उणीव भरून काढता येते, मात्र त्यासाठी मासे धापा टाकत पृष्ठभागाशी येत नाहीत ना, यावर सतत लक्ष ठेवावे लागते.

खरेदीच्या वेळी आणखी एक बाब ध्यानात घ्यावी लागते. रोपवाटिकांत अनेक जाती पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवल्या जातात, कारण तिथे त्या लवकर फोफावतात. अशी क्रिप्टोकोरीन पाण्याखाली लावली की तिची पाने काही दिवसांत काचेसारखी पारदर्शक होऊन चिकट लगद्यात विरघळतात. घाबरून रोप उपटले तर ते खरोखरच हातचे जाते. मुळे तशीच ठेवून फक्त सडका भाग काढला, तर काही आठवड्यांत पाण्याखाली जगू शकणारी नवी पाने फुटतात. अनुबियास आणि जावा फर्न यांचे नेमके उलटे आहे. त्यांचे मूलक्षोड, म्हणजे आडवे वाढणारे जाड खोड, वाळूत पुरले की सडते; ते दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधावे. मंद प्रकाशात टिकणाऱ्या या दोन्ही वनस्पती नवशिक्यासाठी सर्वांत भरवशाच्या आहेत. त्यांची चिवट पाने गोल्डफिशही सहसा खात नाहीत.

प्रकाश रोज ६ ते ८ तास पुरेसा असतो. त्याहून अधिक दिल्यास बहुधा शेवाळाचेच फावते. अन्नद्रव्यांची उणीव पानांवरच वाचता येते : जुनी पाने पिवळी पडत असतील तर नायट्रोजन कमी असल्याची, आणि कोवळी पाने फिकट निघत असतील तर लोह कमी असल्याची शक्यता अधिक.

या छंदाचे महाराष्ट्राशी नाते केवळ ग्राहकाचे नाही. क्रिप्टोकोरीनच्या काही जाती कोकणातल्या ओढ्यांतून वाढतात; पावसाळ्यात त्या पाण्याखाली असतात आणि पाणी ओसरल्यावर फुलतात. सातारा परिसरातील सड्यांवरच्या डबक्यांत उगवणारा वायतुरा, म्हणजेच ॲपोनोगेटॉन सातारेन्सिस, ही स्वतंत्र जाती म्हणून १९८२ मध्ये नोंदली गेली. दोन फाट्यांचा तुरा असलेल्या या वनस्पतीत नर आणि मादी फुले वेगवेगळ्या रोपांवर येतात. डबके आटले की तिचा कंद जमिनीत सुप्त राहतो आणि पुढच्या पावसात पुन्हा अंकुरतो. बारमाही भरलेल्या काचपेटीत त्याला ही विश्रांती कुठून मिळणार?

रानातले रोप काचपेटीत आणणे त्या रोपाला घातक ठरते, तसा धोका उलट दिशेनेही, म्हणजे काचपेटीतून बाहेरच्या पाण्याकडेही असतो. मत्स्यालयांच्या व्यापारातून अमेरिकेतील फ्लोरिडात गेलेली हायड्रिला १९५० च्या दशकापासून तिथल्या जलाशयांत बेसुमार पसरली आणि मूळची अमेरिकेतील कॅबोम्बा आज केरळच्या पाण्यात माजली आहे. म्हणून हौशी पालकांनी सड्यावरचे किंवा ओढ्यातले रोप उपटून आणू नये, रोपवाटिकेतलेच घ्यावे. आणि छाटलेली पाने, कांड्या व गोगलगायी ओढ्यात, विहिरीत किंवा गटारात न टाकता, उन्हात पूर्ण वाळवून मगच कचऱ्यात टाकाव्यात.