मैल्याचा गाळ आणि पालेभाजी

शेतास सोनखत द्यावें, हा उपदेश आपल्याकडील शेतकऱ्यास नवा नाहीं. मनुष्याच्या मळास ज्यानें प्रथम 'सोन' हें पद जोडलें, त्यानें त्याचें मोल बरोबर ओळखलें होतें. परंतु शहराच्या गटारांतून निघणारा गाळ हा निव्वळ मळ नव्हे. मुलामा देणाऱ्या कारखान्यांचें पाणी, घरोघरच्या नळांची झीज, रस्त्यांवरची धूळ, हें सारें त्याच गटारांत येऊन मिळतें. सांडपाणी शुद्ध केल्यानें त्यांतील धातु नाहींसे होत नाहींत; त्यांतले बहुतेक गाळांत एकवटतात.

असा गाळ वर्षानुवर्षें जमिनींत घातला तर काय होतें, हें इंग्लंडमध्यें पाहावयास मिळालें. रॉथॅमस्टेड येथील कृषिसंशोधन संस्थेनें वोबर्न येथील रेताड जमिनींत १९४२ सालीं भाजीपाल्याचा एक प्रयोग आरंभिला. धातूंचा विचार तेव्हां कोणाच्याच मनांत नव्हता. सेंद्रिय खतांनीं जमिनीचा कस किती वाढतो, एवढेंच पाहावयाचें होतें. कांहीं वाफ्यांस शेणखत मिळालें, तर कांहींस लंडनच्या पश्चिम भागांतील मैल्याचा गाळ. १९६१ नंतर गाळ देणें थांबलें. पुढें कित्येक वर्षांनीं माती तपासली, तेव्हां त्यांतील धातु बहुतांशीं वरच्या थरांतच बसलेले आढळले.

सर्व धातु वनस्पतींत सारखे शिरत नाहींत. शिसें मातीच्या कणांस घट्ट चिकटून राहतें. मुळांत थोडें गेलें तरी पानांपर्यंत क्वचितच पोंचतें. जस्त, तांबें, निकेल हे अति झाले तर रोपच आधीं पिवळें पडतें, खुरटतें, आणि मालकास सूचना मिळते. खरा कपटी तो कॅडमियम. रसायनदृष्ट्या तो जस्ताचा सख्खा भाऊ. त्यामुळें जस्तासाठीं असलेल्या वाटेनेंच हा तोतया मुळांत प्रवेश करितो आणि पानांत सांठतो. पालक, सॅलड यांसारख्या पालेभाज्यांत तो धान्यापेक्षां पुष्कळ अधिक सांपडतो. खाणाऱ्यास अपाय होईल इतका तो पानांत भरला तरी भाजी हिरवीगार, टवटवीत दिसूं शकते! मनुष्याच्या मूत्रपिंडांत शिरल्यावर त्याचा निम्मा अंश बाहेर पडावयासहि दहा ते तीस वर्षें लागतात.

आम्लयुक्त जमिनींत हा धातु अधिक विरघळतो, म्हणून चुना घालतात. त्यानें पिकांतील प्रमाण घटतें. मात्र धातु जमिनींतच राहतो, आणि माती पुन्हां आम्ल झाली कीं मोकळा होतो. १९८६ सालीं युरोपीय राष्ट्रसमूहानें असा गाळ शेतास देण्यावर मर्यादा घातल्या.

वोबर्नला मात्र आणखी एक गोष्ट उघडकीस आली. गाळ बंद होऊन वीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर त्या वाफ्यांत क्लोव्हर पेरला. हें आपल्या लसूणघासासारखेंच द्विदल चाऱ्याचें पीक. मुळांवरील गाठींतले जंतु हवेंतला नत्र धरून त्यास पोसतात. शेणखताच्या वाफ्यांत तें चांगलें वाढलें. गाळाच्या वाफ्यांत गाठी आल्या, पण पांढुरक्या व निरुपयोगी. नत्र धरणारे जंतु मातींतून नाहींसे झाले होते. जे तगले, ते गाठी बांधीत, परंतु नत्र धरीत नसत.