एक फूट बर्फ, एक इंच गाळ

डिसेंबर-जानेवारीत थंडीची लाट आली की महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाचे फोटो वर्तमानपत्रांत न चुकता येतात. बोटींच्या धक्क्यावर, लिंगमळ्याच्या गवतावर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर आणि गाड्यांच्या टपांवर दवबिंदू गोठलेले असतात. पर्यटक टपावरचे हिमकण खरवडून मुठीत धरतात, फोटो काढतात आणि हात झटकून चहाला जातात. सातारा जिल्ह्याच्या वाट्याला येणारा बर्फ एवढाच. ऊन वर येईपर्यंत तोही वितळून जातो, फावडं काढावं लागत नाही.

यात महाबळेश्वरचं नशीब तेवढं तापमानापुरतं. आकाशातून पडणाऱ्या मालाला तिथे तोटा नाही. ताजा, भुसभुशीत बर्फ मोजताना हवामानवाले एक ढोबळ हिशेब धरतात: एक सेंटीमीटर पावसाच्या जागी दहा सेंटीमीटर बर्फ. आता 23 जुलै 2021 च्या सकाळी संपलेले चोवीस तास घ्या. महाबळेश्वरात त्या काळात 594 मिलिमीटर पाऊस मोजला गेला. तो बर्फ होऊन पडला असता, तर एका दिवसात जवळजवळ सहा मीटरचा, म्हणजे साडेएकोणीस फुटांचा थर झाला असता. अमेरिकेतल्या चोवीस तासांच्या हिमवर्षावाचा नावाजलेला विक्रम कोलोरॅडोतल्या सिल्व्हर लेकचा आहे. तो एप्रिल 1921 मधला, 1.93 मीटरचा. आपला काल्पनिक बर्फ त्याच्या तिप्पट.

वर्षाचा हिशेब तर आणखी चक्रावणारा. महाबळेश्वरची वार्षिक सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे जाते. त्याचा बर्फ करा, 55 मीटर होतो. वॉशिंग्टन राज्यातल्या माउंट बेकरवर 1998-99 च्या हंगामात 28.96 मीटर बर्फ पडला आणि एका हंगामातला जागतिक विक्रम म्हणून त्याची नोंद झाली. महाबळेश्वर हा विक्रम दरवर्षी पावसाळ्याच्या चार महिन्यांत जवळजवळ दुपटीने मोडतं. फक्त पाण्याच्या रूपात, त्यामुळे त्याची वाहवा होत नाही.

बर्फ आणि पाऊस यांत फरक आहे तो इथे. बर्फ जिथे पडतो तिथेच बसून राहतो. त्यामुळे ज्याच्या दारात पडला त्याने तो काढायचा, असा सरळ न्याय लावता येतो. न्यूयॉर्कमध्ये दिवसा बर्फ पडायचा थांबला की चार तासांच्या आत घरासमोरचा पदपथ मालकाने मोकळा करायचा, असा नियमच आहे. पाऊस मात्र जिथे पडला तिथे थांबत नाही. महाबळेश्वरात, कोयनानगरात, नवजाला पडतो आणि फावडं सांगलीतल्या माणसाला हातात घ्यावं लागतं.

आधी पाण्याचा आकार बघू. सातारा-सांगलीत शाळेतल्या पोरालाही टीएमसी हा शब्द माहीत असतो. पावसाळाभर तो रोज सकाळी छापून येतो. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. वाळू-मुरूम विकणाऱ्यांचं माप ब्रास, म्हणजे शंभर घनफूट. तेव्हा एक टीएमसी म्हणजे एक कोटी ब्रास. कोयना धरणाची क्षमता 105.25 टीएमसी आहे, म्हणजे एकशे पाच कोटी ब्रास. दारात एक ब्रास वाळू उतरवली की शेजाऱ्याची गाडी अडते आणि भांडण होतं, हे ज्याने अनुभवलंय त्याला या आकड्यापुढे थोडं थांबावंसं वाटेल.

बर्फ उपसण्यात जगात ज्या शहरांचं नाव आहे त्यांत कॅनडातलं मॉन्ट्रिऑल पहिल्या काही जागांवर येईल. हे शहर बर्फ नुसता बाजूला लोटत नाही, तो ट्रकांत भरून उचलून नेतं. एका सरासरी हिवाळ्यात सुमारे 1 कोटी 20 लाख घनमीटर बर्फ, ट्रकच्या तीन लाखांच्या आसपास फेऱ्या. रात्रभर भोंगे वाजतात, रस्त्यावर उभ्या गाड्या हटवल्या जातात, पुढे ब्लोअर आणि मागे ट्रकांची रांग चालते. जुन्या खाणींत त्या बर्फाचे असे डोंगर उभे राहतात की उन्हाळा आला तरी ते पुरते वितळत नाहीत. आता हा अवाढव्य ढीग आपल्या मापात घाला: 42 लाख ब्रास, म्हणजे 0.42 टीएमसी. अर्धा टीएमसीसुद्धा नाही! कोयना काठोकाठ भरायला मॉन्ट्रिऑलचे जवळजवळ अडीचशे हिवाळे एकावर एक रचावे लागतील. इंग्रज-मराठ्यांचं शेवटचं युद्ध 1818 मध्ये संपलं. त्या आधीपासून आजपर्यंतचा सगळा बर्फ.

हे आकारमानाचं झालं. फावड्याला आकारमानाशी फारसं देणंघेणं नसतं, त्याला वजन कळतं.

न्यूजर्सीत किंवा टोरंटोत राहणारा एखादा भाचा जानेवारीत कौटुंबिक ग्रुपवर फोटो टाकतो: कानटोपी, लाल नाक, हातात प्लास्टिकचं रुंद फावडं. खाली लिहिलेलं, "मामा, पाठ गेली." त्याच्या बोलण्यात अतिशयोक्ती नाही. गॅरेजपासून रस्त्यापर्यंतचा त्याचा ड्राइव्हवे वीस फूट बाय पन्नास फूट धरला आणि त्यावर फूटभर ताजा बर्फ पडला, तर तो एक हजार घनफूट होतो. दहा ब्रास! पण घनमीटरला शंभर किलोच वजन असल्यामुळे एकूण भार 2.8 टन भरतो. तेवढंही माणसाला पुरेसं असतं. अमेरिकेत 1990 ते 2006 या काळाचा अभ्यास झाला, त्यात बर्फ उपसताना दुखापत होऊन तातडीच्या उपचारांसाठी रुग्णालयात आलेल्यांची सरासरी वर्षाला साडेअकरा हजार निघाली. त्या सतरा वर्षांत 1,647 माणसं बर्फ उपसताना दगावली, सगळी हृदयविकाराने. थंडीत आकसलेल्या रक्तवाहिन्या, त्यात अचानक जोराचं काम आणि वर्षभर खुर्चीत बसलेलं शरीर, असं ते जुळून येतं.

मामाचं अंगण सांगलीत. तिथे बर्फ नाही, गाळ आहे.

पूर आला की सांगलीकर नदीचं नावही घेत नाहीत. "आयर्विनला किती?" एवढंच विचारतात आणि उत्तर फुटांत येतं. आयर्विन पूल 1929 चा. त्याच्यावरच्या खुणांनुसार 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट ही धोक्याची. 2005 मध्ये पाणी 53 फुटांच्या वर गेलं आणि यापेक्षा जास्त काय होणार, असं लोकांनी मनाशी धरलं. ऑगस्ट 2019 मध्ये ते 57 फुटांच्या वर गेलं. पुढे दोनच वर्षांनी, 2021 च्या जुलैत, महाबळेश्वरच्या त्या 594 मिलिमीटरच्या आठवड्यात, पुन्हा पन्नाशी ओलांडली. (कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळे पूर वाढतो का, हा वाद इथे काढत नाही. तो सांगलीच्या चहाच्या टपऱ्यांवर बारा महिने चालू असतो आणि तिथे माझ्याहून जाणकार माणसं बसलेली असतात.)

पूर ओसरतो तेव्हा बातम्याही ओसरतात. काम तिथून पुढे सुरू होतं. मारुती चौक, गावभाग, दत्तनगर, सांगलवाडी, सगळीकडे जमिनीवर, ओट्यावर, कपाटाच्या खणांत एक चॉकलेटी, गुळगुळीत, वास मारणारा थर. हा थर बसतो कसा, याचाही हिशेब आहे. वाळूचा कण जड, तो वाटेतच खाली बसतो. चिकणमातीचा सर्वांत मोठा कणही दोन मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरचा पाचशेवा भाग. स्थिर पाण्यात असा कण दिवसाला जेमतेम एक फूट खाली उतरतो. घरात पाच फूट पाणी असेल तर वरच्या कणाला फरशी गाठायला पाच दिवस लागतील. डोंगरी नदीचा पूर सकाळी येतो आणि संध्याकाळी जातो, त्यात हा कण पुढे वाहून जातो. सांगलीजवळ कृष्णेचं पात्र सपाट, वळणावळणाचं. 2019 चं पाणी सखल भागांतून आठवडाभर हललं नाही. म्हणजे पुराने घरांना इतकी बारीक मातीही खाली बसेल एवढा वेळ दिला. शिवाय दारातून पाणी जिथे वाहत राहिलं, तिथे नवी माती येतच राहिली.

आता फावडं उचलू. ओल्या गाळाचं वजन घनमीटरला सोळाशे किलो धरलं, तर तो ताज्या बर्फाच्या सोळापट जड झाला. म्हणजे एक इंच गाळ हा एक फूट बर्फापेक्षा भारी. पाचशे चौरस फुटांचं साधं घर घ्या आणि त्यात फक्त इंचभर गाळ धरा. 1.9 टन. एका घमेल्यात वीस किलो बसतो असं मानलं तर पंचाण्णव घमेली. भाच्याच्या फावड्यातला बर्फ बाजूच्या हिरवळीवर फेकला की काम झालं, वसंतात तो आपसूक जातो. इथलं घमेलं उंबरा ओलांडून, बोळातून, रस्त्यावरच्या ढिगापर्यंत न्यावं लागतं. आणि ऊन पडलं की गाळ वितळत नाही, उलट वाळून घट्ट होतो.

अशी दहा हजार घरं धरा: 19 हजार टन, साधारण 4,200 ब्रास. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत एक ब्रास धरला, तर 4,200 ट्रॉल्या. ट्रॅक्टरसकट एकामागे एक चिकटून उभ्या केल्या तर सांगलीतून निघालेली रांग तासगाव ओलांडून पुढे जाईल. यात दुकानं नाहीत, गटारी नाहीत, गाद्या नाहीत. गाद्यांचा वेगळा अध्याय लिहावा लागेल. कापसाची गादी पाणी प्यायली की दोघांना उचलत नाही, आणि पुरानंतरच्या आठवड्यात प्रत्येक दारासमोर अशा तीन-चार पडलेल्या असतात.

पुराची सवय झालेल्या घरांत एक शहाणपण असतं: पाणी पूर्ण उतरायची वाट बघायची नाही. पाणी गुडघ्यावर आलं की खराटा घेऊन उतरायचं, भिंती त्याच पाण्याने खंगाळायच्या, तळाचा गाळ ढवळत राहायचा. जाणारं पाणी तो आपल्याबरोबर घेऊन जातं. उशीर झाला की तोच गाळ घमेल्याने काढावा लागतो. ज्यांचं घर चार दिवसांनी उघडलं, निवारा केंद्रातून परत यायलाच ज्यांना वेळ लागला, त्यांच्यासाठी हे शहाणपण कामाचं नाही. त्यांच्या वाट्याला पंचाण्णव घमेली येतातच.

मग धुणं. नळाला पाणी नसतं, टँकर येतो. घरटी दोन हजार लिटर धरले तर दहा हजार घरांना दोन कोटी लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे दोन हजार टँकर. त्या टँकरसाठी बोळात कळश्यांची आणि शब्दांची जी चकमक उडते ती उडते. आणि नदीच्या दृष्टीने दोन कोटी लिटर म्हणजे किती? आयर्विनखालून लाखभर क्युसेकनं पाणी वाहतंय असं धरा, पुरात ते याहूनही जास्त असतं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला 28.3 लिटर. दोन कोटी लिटर पाणी सात सेकंदांत पुलाखालून निघून जातं.

त्याच जुलै 2021 मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगावला डोंगर घरांवर आला. तोही गाळ आणि दगडच, पण तो उपसणाऱ्यांना खाली माणसं शोधायची होती. तो ढिगारा ब्रासमध्ये मोजू नये.

सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांचा पूर्वेकडचा भाग मात्र वेगळ्याच हिशेबात जगतो. माण तालुक्याचा वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर. म्हणजे महाबळेश्वरात एका दिवसात जे पडलं ते माणला वर्षभरातही पडेल याचा भरवसा नाही, आणि दोन्ही एकाच जिल्ह्यात, सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत. तिथेही फावडी चालतात, पण पाणी धरून ठेवण्यासाठी. कोरेगाव तालुक्यातलं वेळू 2016 मध्ये आणि माणमधली टाकेवाडी 2018 मध्ये जलसंधारणाच्या वॉटर कप स्पर्धेत पहिली आली, ती गावकऱ्यांनी उन्हाळ्यात समतल चर खणून. एका माणसाने दिवसात एक घनमीटर माती काढली तर हजार लिटरची जागा होते. या वेगाने एक टीएमसीचा खड्डा खणायला दोन कोटी 83 लाख माणूस-दिवस लागतील. दहा लाख माणसं रोज खणत राहिली तरी कोयनेएवढा खड्डा व्हायला आठ वर्षं.

म्हणून दर पुरात कोणीतरी हमखास म्हणतो, खणत कशाला बसायचं, हे पुराचं पाणीच उचलून माण-आटपाडी-जतला द्या की. बोलणं मुळीच वेडगळ नाही. टेंभू आणि म्हैसाळ योजना कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्याने उचलून दुष्काळी भागात नेतातच. पण पुराचा वेग बघा. एक टीएमसी पाणी तीनशे मीटर वर चढवायचं, पंप आणि पाइप एक थेंबभर ऊर्जा वाया घालवत नाहीत असं मानायचं, तरी 2 कोटी 31 लाख युनिट वीज लागते. कोयना जलविद्युत प्रकल्पाची सगळी मिळून क्षमता 1,960 मेगावॅट. तो पूर्ण ताकदीने जवळजवळ बारा तास चालवला, एक दिवाही दुसरीकडे लावला नाही, तर एवढी वीज तयार होईल. आणि ते एक टीएमसी वर चढेपर्यंत, लाख क्युसेकच्या हिशेबाने, आयर्विनखालून चार टीएमसीहून जास्त पाणी कर्नाटकाच्या दिशेने गेलेलं असेल.