शलाकेचा परवाना

जिनीव्हानजीक, फ्रान्स आणि स्वित्झर्लंड यांच्या सरहद्दीखाली सुमारे 27 किलोमीटर परिघाच्या बोगद्यात सर्न या संस्थेने उभारलेल्या 'लार्ज हेड्रॉन कोलायडर' या कणवेगवर्धकात प्रोटॉनांची शलाका दर सेकंदाला 11 हजारांहून अधिक फेऱ्या करते, हे ऐकून आपण विस्मित होतो. परंतु तिच्यावर अंमल चालतो तरी कसा, हा प्रश्न मला त्या वेगाहूनही अधिक मननीय वाटतो.

अंमलाचा पहिला भाग हुकमांचा आहे. शलाकेची ऊर्जा वाढत असता चुंबकांच्या शेकडो विद्युतमंडलांतील प्रवाह एकाच तालात चढले पाहिजेत; म्हणून प्रत्येक मंडलाच्या नियंत्रकाकडे त्याचे चढउताराचे कोष्टक आगाऊ रवाना होते, आणि मग कालमापन यंत्रणेचा एकच इशारा सर्वांना एकदम चालू करतो. फ्रान्समधील प्रेव्हेसाँ येथल्या नियंत्रण कक्षात बसलेले तंत्रज्ञ हे पडद्यावर न्याहाळतात. शलाकेला आवरणे मात्र त्यांच्या हातून होण्यासारखे नाही, कारण डोळ्याचे पाते लवते न लवते तोच तिच्या हजारो फेऱ्या उलटलेल्या असतात, आणि मूळ आराखड्याप्रमाणे एकेका शलाकेत 362 मेगाज्यूल ऊर्जा साठलेली असते.

म्हणूनच येथे रक्षणाची रीत हुकमाच्या उलट आहे, आणि तीच मला या साऱ्या रचनेचे मर्म वाटते. संपूर्ण वलयाभोवती प्रकाशतंतूंतून एक संकेत अखंड फिरत असतो. तो फिरतो आहे तोवरच शलाकेला राहण्याचा परवाना. शलाकेतून निसटलेले कण मोजणारे सुमारे 4 हजार शोधक, निर्वात नलिकांचे पहारे, चुंबकांची संरक्षक मंडले यांपैकी कोणीही संमती काढून घेतली, किंवा एखादी तारच तुटली, तरी संकेत थांबतो, आणि सुमारे तीन फेऱ्यांच्या आत शलाका वलयाबाहेर काढून ग्रॅफाइटच्या ठोकळ्यावर पसरून जिरविली जाते. हा निर्णय सर्वसाधारण संगणकांवर न सोपविता साध्या, स्वतंत्र मंडलांवर ठेवला आहे, हे दूरदर्शीपणाचे लक्षण होय.

तथापि ज्याची मोजणी होत नाही, त्याची संमतीही मागितली जात नाही. 19 सप्टेंबर 2008 रोजी, बोगद्यात शलाका नसताना, केवळ प्रवाह चढविण्याच्या चाचणीत दोन चुंबकांमधील एक विद्युतजोड निकामी झाला, कित्येक टन हीलियम उसळून बाहेर पडला, आणि पुढे 53 चुंबक दुरुस्तीसाठी वर काढावे लागले. चुंबकांच्या संरक्षणाची सामग्री, ज्यात भारताच्या अणुऊर्जा विभागाने पुरविलेल्या उपकरणांचाही वाटा होता, चुंबकांच्या वेटोळ्यांवर बारीक नजर ठेवून होती. जोडांवर तशी नजर नव्हती. नोव्हेंबर 2009 मध्ये यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंत सहस्रावधी जोडांचा विद्युतरोध मोजणारी नवी यंत्रणा बसविण्यात आली.

आजही शलाका काढून टाकली गेली, की त्या क्षणाच्या आगेमागच्या सर्व उपकरणांच्या नोंदी आपोआप गोळा होतात, आणि त्यांची छाननी होऊन कारण उमगल्याखेरीज नव्या शलाकेला परवाना मिळत नाही.